'लॉस्ट'मधली व्हीलचेअर आणि तुमचा खोटा डॉक्टर

प्रश्न ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विचारणाऱ्यांनी लिहिलेली सहा भागांची ऑडिओ सिरीज आहे. पावसात घाटात दरड कोसळते, एसटीतले अकरा प्रवासी एका जुन्या बंगल्यात अडकतात, त्यातला एक जण डॉक्टर म्हणून सगळ्यांना औषधपाणी करतो आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्लॅशबॅकमधून कळतं की तो डॉक्टर नाहीच, कंपाउंडर आहे. ही कल्पना त्यांना 'लॉस्ट'चा, म्हणजे विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या अमेरिकन टीव्ही सिरीजचा, 'वॉकअबाउट' हा एपिसोड बघून सुचली. पण ज्यांना वाचायला दिलं ते सगळे म्हणाले, "हे म्हणजे फसवलंत". आणि प्रश्न असा की 'लॉस्ट'वाल्यांनी अख्खी व्हीलचेअर शेवटपर्यंत लपवली तरी कोणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, मग माझंच असं का झालं.

स्पॉयलर आहेत, आधीच सांगते. एपिसोड ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत एबीसीवर लागला, म्हणजे वीस वर्षं उलटून गेली, तरी ज्यांना अजून बघायचाय त्यांनी आधी बघून या, पहिल्यांदा बघताना जे होतं ते परत होत नाही. बाकीच्यांसाठी एका ओळीत: लॉक नावाचा प्रवासी अपघाताआधी चार वर्षं व्हीलचेअरवर होता, बेटावर पडल्यावर चालू लागतो, आणि हे आपल्याला एपिसोडच्या शेवटी कळतं.

मी डेली सोपच्या पटकथा लिहीत या धंद्यात आले, आता वेबसाठी लिहिते आणि मधला बराच काळ दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट दुरुस्त करणं हेच काम होतं. त्यात "ट्विस्ट बसत नाहीये" ही तक्रार सगळ्यात जास्त यायची आणि बहुतेक वेळा ट्विस्टच्या सीनला काही झालेलं नसायचं, दुखणं त्याच्या आधीच्या वीस पानांत असायचं. तुमच्याकडेही मला तेच दिसतंय. तुम्ही विचारताय की त्यांनी लपवलं कसं. मी म्हणेन त्यांनी फार काही लपवलंच नाही, त्यांनी तुम्हाला दुसऱ्याच प्रश्नात अडकवलं आणि त्या प्रश्नाची उत्तरं इतक्या मोकळेपणाने दिली की तिसरीकडे बघायची गरजच तुम्हाला वाटली नाही.

सुरुवात आठवा. एपिसोड उघडतो तो लॉकच्या डोळ्यावर. विमान नुकतंच कोसळलंय, आजूबाजूला आरडाओरडा, आग, आणि हा माणूस वाळूत उताणा पडून स्वतःच्या पायाकडे बघतोय. पायाची बोटं हलतात. त्याच्या चेहऱ्यावर जे काही आहे ते अपघातातून वाचलेल्या कुठल्याही माणसाचं असू शकतं, म्हणून आपण ते बघतो आणि पुढे जातो. आता विचार करा, उत्तर पहिल्याच मिनिटात, क्लोजअपमध्ये देऊन टाकलंय! त्याच्याही आधीच्या एपिसोडमध्ये वॉल्ट हा लहान मुलगा वडलांना, म्हणजे मायकलला, सांगतो की मिस्टर लॉक म्हणाले त्यांच्या बाबतीत चमत्कार झाला, आणि बाप ते उडवून लावतो, की चमत्कार तर आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत झालाय, विमान पडूनही जिवंत आहोत. म्हणजे उत्तर तोंडानेही सांगून झालंय, फक्त ऐकणाऱ्याकडे दुसरा, जास्त सोपा अर्थ तयार होता. प्रेक्षकाला माहिती द्यायची आणि सोबत तिचा एक पटणारा चुकीचा अर्थही द्यायचा, एवढंच ते करतात.

मग सुऱ्या येतात. विमानातलं खाणं संपलंय, लोक भांडताहेत, सॉयर नावाचा प्रवासी टोमणे मारतोय, तेवढ्यात त्याच्या शेजारच्या सीटमध्ये एक सुरा येऊन रुततो आणि लॉक शांतपणे सांगतो की शिकार करायची. पेटी उघडतो तर आत सुऱ्याच सुऱ्या. इथून पुढे तुमच्या डोक्यात एकच प्रश्न, हा माणूस आहे कोण? सैनिक, शिकारी, की खुनी? लेखकाला नेमका हाच प्रश्न तुमच्या डोक्यात हवाय, कारण हा माणूस चालू शकतो का असं कोणी विचारत नाही, तो तर समोर जंगलात चाललाय.

आणि आता जे सांगतेय तो मला या एपिसोडचा सगळ्यात हुशार भाग वाटतो, यावर कोणी फारसं बोलतही नाही. फ्लॅशबॅक सुरू होतो तो फोनवर. पलीकडून कोणीतरी त्याला "कर्नल" म्हणतंय, लाइन सुरक्षित आहे का वगैरे चाललंय. अरे वा, म्हणजे लष्करातला! आणि लगेच कळतं की हा खोक्यांच्या कंपनीतला कारकून आहे, आकडेमोडीच्या मशीनसमोर बसलेला, आणि ते कर्नल वगैरे जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याबरोबर खेळायच्या युद्धाच्या खेळातलं आहे. वयाने लहान बॉस येऊन त्याची टर उडवतो. तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. ट्विस्ट होऊन गेला असं वाटतं.

पुढच्या फ्लॅशबॅकमध्ये रात्री तो हेलन नावाच्या बाईशी फोनवर प्रेमाने बोलतोय, ऑस्ट्रेलियाला बरोबर चल म्हणतोय, तिच्यासाठी तिकीट काढलंय. बायको नाही, निदान मैत्रीण तरी आहे बिचाऱ्याला. आणि मग कळतं की ती तासाचे पैसे घेऊन फोनवर बोलणारी बाई आहे, ती त्याला कधी भेटलेलीच नाही. दुसरं उत्तर. दोन वेळा पडदा उघडला आणि दोन्ही वेळा माणूस आपल्याला वाटला होता त्यापेक्षा केविलवाणा निघाला. आता प्रेक्षकाला सवय लागते, त्याला पॅटर्न समजल्यासारखा वाटतो, की एपिसोड या माणसाचा बुरखा फाडत चाललाय. तिसरा पडदाही त्याच दिशेने उघडतो, ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर नेऊन सोडतो, पण तिथे पोचल्यावर तुम्हाला आठवतं की हा माणूस आत्ता बेटावर रानडुकराच्या मागे धावतोय. म्हणजे ज्या क्षणी तो सगळ्यात खाली दिसतो त्याच क्षणी तो सगळ्यात वर जातो. तुमच्या कंपाउंडरच्या बाबतीत हा दुसरा अर्धा भाग नाहीये. तो फक्त खाली येतो. ऐकणाऱ्याच्या हातून काहीतरी काढून घेतलं जातं आणि बदल्यात काहीच मिळत नाही, म्हणून तो "फसवलंत" म्हणतो.

आता तो एजन्सीचा सीन जरा जवळून बघा, लिहिणाऱ्याने तो पेन घेऊन बघण्यासारखा आहे. लॉक ऑस्ट्रेलियात वॉकअबाउटच्या, म्हणजे रानात पायी भटकंतीच्या, टूरसाठी आलाय आणि एजन्सी त्याला नेायला तयार नाही. टेबलाच्या पलीकडे एजंट, अलीकडे लॉक बसलेला. एजंट म्हणतोय तुम्ही तुमच्या कंडिशनबद्दल आम्हाला सांगितलंच नाहीत. लॉक म्हणतो, त्याचा काही प्रॉब्लेम नाही, चार वर्षं तसाच जगतोय, कुठे काही अडलं नाही. ऐकताना तुम्ही मनात काय भरता? हार्ट, डायबेटिस, कॅन्सर, काहीही. सगळं चालून जातं, कारण दोन माणसं, ज्यांना दोघांनाही गोष्ट माहितीये, ती एकमेकांना समोर दिसणारी गोष्ट नाव घेऊन का सांगतील? हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या स्क्रिप्टमध्ये लपवायचं असलं की पात्रं अवघडल्यासारखी बोलायला लागतात, "तुला तर माहितीच आहे त्या रात्री काय झालं" छापाचं, आणि तिथेच प्रेक्षक सावध होतो. इथे अवघडलेपण नाहीच, ते दोघं खऱ्या आयुष्यात जसे बोलले असते तसेच बोलताहेत. टूरची बस सुटायची वेळ होते, एजंट निघतो, लॉक मागून ओरडतो की मला काय जमणार नाही ते मला सांगू नका, आणि तेव्हा खुर्ची दिसते. कोणी एक शब्द समजावत नाही.

ते "मला काय जमणार नाही ते सांगू नका" आपण आधी जंगलात ऐकलेलं असतं. डुक्कर अंगावर आल्यावर मायकलच्या पायाला लागतं, लॉक आडवा पडतो, शिकारीला बरोबर आलेली केट म्हणते एकट्याने जाऊ नकोस, तेव्हा तो तिला हेच म्हणतो. तेव्हा ते हट्टी म्हाताऱ्याचं वाक्य वाटतं. ऑफिसात बॉस वॉकअबाउटचं माहितीपत्रक वाचून विचारतो, हे सगळं पायी? तेव्हा ते पोट सुटलेल्या कारकुनाला मारलेला टोमणा वाटतं. प्रत्येक वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे, आधीच्या अर्थानेही आणि नंतरच्याही. मी स्क्रिप्ट तपासताना हीच एक परीक्षा लावते. ट्विस्ट माहीत असताना प्रत्येक सीन परत वाचायचा आणि बघायचं की पात्रं त्या परिस्थितीत खरंच असं वागली असती का. एक जरी सीन फक्त प्रेक्षकाला चकवण्यासाठी लिहिलाय असं दिसलं की तो कापायचा, कितीही आवडता असला तरी.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर अपघाताआधीच्या सगळ्या फ्लॅशबॅकमध्ये लॉक बसलेला किंवा पडलेला आहे, पण ऑफिसातलं टेबल, जेवणाचं टेबल, अंथरूण, एजन्सीचं टेबल, या बसायच्याच जागा आहेत. कॅमेरा कुठे चोरटेपणाने वळत नाही. जागा निवडतानाच काम झालंय.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते, आगीची. एपिसोडभर बाकी लोकांचा वेगळाच ट्रॅक चालूये, विमानाच्या सांगाड्यात प्रेतं आहेत, त्या वासाने रात्री रानडुकरं येताहेत, म्हणून वाचलेल्यांतला डॉक्टर जॅक म्हणतो सगळं जाळून टाकू, आणि काहींना ते पटत नाही कारण त्यात आपल्या माणसांचे अंत्यसंस्कार राहून जातात. हा वाद स्वतःच्या बळावर उभा आहे. पण शेवटी त्याच आगीच्या उजेडात लॉक उभा राहून व्हीलचेअरकडे बघतो आणि हसतो, तेव्हा लक्षात येतं की आग याच्यासाठीही हवी होती. डुक्कर आलं म्हणून आग लागली, डुक्कर आलं म्हणून शिकारीची वेळ आली, एकाच कारणातून दोन्ही ट्रॅक निघाले. आपल्याकडे वनलाइन, म्हणजे सीनची थोडक्यात यादी, करताना ए ट्रॅक, बी ट्रॅक (मुख्य आणि जोडकथा) वेगवेगळे लिहून मग सीन ऑर्डरमध्ये एकाआड एक लावतात, तसं इथे केलेलं नाही. एपिसोडचा लेखक डेव्हिड फ्युरीला या पटकथेसाठी एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं ते उगाच नाही.

बाकीचे छोटे ट्रॅक मी फार उगाळत नाही. शॅनन स्वतः मासा पकडू शकते हे भावाला दाखवायला चार्लीला कामाला लावते, ते हसवण्यापुरतं. रोज नावाची बाई एकटी समुद्राकडे बघत बसलीये, तिचा नवरा विमानाच्या शेपटीकडच्या भागात होता आणि ती ठामपणे सांगते की तो जिवंत आहे, जॅकला वाटतं धक्क्याने असं बोलतेय. नवरा पुढच्या सीझनमध्ये खरंच जिवंत सापडतो. लॉकच्या एपिसोडमध्ये ही बाई असणं योगायोग नाही, विश्वास ठेवणाऱ्या माणसाकडे शहाणी माणसं कशी बघतात तेच दोन्हीकडे चाललंय.

उत्तर किती द्यायचं आणि किती राखून ठेवायचं हेही बघा. जंगलात बेटावरचा तो गूढ राक्षस, जे काय आहे ते, लॉकच्या समोर येतं, आपल्याला फक्त वर बघणारा लॉकचा चेहरा दिसतो. परत आल्यावर तो सांगतो मी काही पाहिलं नाही. व्हीलचेअरचं उत्तर दिलं आणि त्याच एपिसोडमध्ये दुसरं कुलूप लावलं. आणि तो व्हीलचेअरवर आला कसा? ते २००७ पर्यंत सांगितलंच नाही, तिसऱ्या सीझनमध्ये कळतं की सख्ख्या बापाने त्याला आठव्या मजल्यावरून ढकललं होतं. मध्ये अडीच वर्षं कोणी रागावलं नाही, कारण "काय" मिळालेलं असलं की "कसं"साठी लोक थांबतात. उलटं केलंत तर नाही थांबत.

एपिसोडमध्ये सगळंच ग्रेट आहे असंही नाही हं. वॉकअबाउट ही ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची गोष्ट, ती इथे टूर पॅकेज म्हणून येते आणि त्यांच्यातला एकही माणूस धड दिसत नाही. लॉकचं स्वप्न विकत घेतलेलं आहे असं लेखकाला म्हणायचं असेल तर ठीक, पण मला ते तितकं स्पष्ट वाटलं नाही.

तुम्ही तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडचंही विचारलंत, जिथे फ्लॅशबॅक वाटतो तो भविष्यकाळ निघतो. त्याची नक्कल करू नका. तिथे चुकवलेला प्रश्न होता "कधी", आणि प्रेक्षक तो विचारत नाही कारण तीन सीझन त्याला शिकवलंय की फ्लॅशबॅकच्या आधीचा तो सुंई आवाज आला की मागे जायचं. एवढी सवय लावायला तुमच्याकडे सहा भागांत वेळ नाही. 'वॉकअबाउट' उपयोगी आहे कारण तो चौथाच एपिसोड होता, लोकांना अजून या सिरीजची सवयच नव्हती.

आता तुमच्या स्क्रिप्टकडे येते. तुम्ही जे दोन सीन इथे टाकलेत त्यावरूनच बोलतेय, बाकीचं वाचलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्याकडे आधीच असतील तर सोडून द्या.

पहिला दोष पाचव्या पानावर. रात्री सगळे झोपलेत आणि तुमचा माणूस मनातल्या मनात म्हणतो, "डॉक्टर म्हणून मी कितीतरी मरणं पाहिलीत". इथेच गडबड आहे. पात्राने दुसऱ्यांशी खोटं बोलावं, हवं तेवढं बोलावं, पण एकटं असताना, मनात, ते स्वतःशी कशाला खोटं बोलेल? ते खोटं पात्राचं नाही, तुमचं आहे, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. लॉक एकटा असताना काय करतो आठवा, पायाकडे बघतो. तुमच्या माणसाला एकटा असताना हात बघू द्या, इंजेक्शनची सुई दिव्याजवळ धरून परत परत पुसू द्या, ऐकणाऱ्याला वाटेल थकलाय.

दुसरं, तुमच्या हातात एक आयती गोष्ट आहे आणि तुम्ही ती वापरली नाहीये. गावाकडे कंपाउंडरलाही लोक सर्रास डॉक्टरच म्हणतात. मग फ्लॅशबॅकमध्ये पेशंट त्याला "डॉक्टर, कालच्यापेक्षा बरं वाटतंय" म्हणाले तर ते शंभर टक्के खरं आहे, कोणी फसवत नाहीये. खरे डॉक्टर त्या सीनमध्ये आलेच नाहीत कारण ते तालुक्याला गेलेत, रोजच जातात. हे एवढं सांगितलंत तरी पुरे, लोक ते ऐकून सोडून देतील.

तिसरं, दुसरा प्रश्न पेरा. आत्ता तुमच्या श्रोत्याकडे एकच प्रश्न आहे, हा डॉक्टर खरा का खोटा, आणि पहिल्या भागाच्या शेवटी कंडक्टर त्याच्याकडे संशयाने बघतो तेव्हाच अर्ध्या लोकांनी ओळखलेलं असणार. त्याऐवजी त्याची बॅग घ्या. तो ती कोणाला हात लावू देत नाही. लोकांना वाटेल चोरीची औषधं आहेत. मग फ्लॅशबॅकमधून उत्तर द्या, मोकळेपणाने द्या, की त्यात मुलीचं इन्सुलिन आहे, पाऊस थांबेपर्यंत ते गरम होता कामा नये, म्हणून तो जिवाच्या आकांताने सांभाळतोय. झालं, माणूस कळला, सहानुभूती मिळाली, श्रोता निवांत झाला. ही तुमची "कर्नल"ची पायरी.

चौथं आणि सगळ्यात अवघड, उलगडा कधी. आत्ता तो शांत फ्लॅशबॅकच्या शेवटी येतोय आणि भाग संपतोय. तो तिथे येऊ द्या जिथे बंगल्यात त्याच्या हातावर कोणाचं तरी आयुष्य आहे. समजा त्या गरोदर बाईचं काहीतरी बिनसलंय आणि त्याने आधीच निर्णय घेऊन टाकलाय, तिला बरं वाटायलाही लागलंय. मग कळू द्या की तो डॉक्टर नाही. आता ऐकणाऱ्याला दोन गोष्टी एकदम वाटतील, बापरे आणि शाब्बास. आणि पुढच्या भागाचा प्रश्न आपोआप तयार होतो, की परत तशी वेळ आली तर त्याला थांबवायचं का करू द्यायचं. हे सगळं नक्की कसं बसेल ते तुमच्या बाकीच्या पात्रांवर आहे, नर्स वगैरे कोणी प्रवाशांत असेल तर गणित बदलेल.

ऑडिओ आहे म्हणून एक वेगळी काळजी. पडद्यावर खुर्ची दिसली की काम झालं, एका सेकंदात. कानाला तसं काही दाखवता येत नाही, त्यामुळे कोणीतरी "अहो हा तर कंपाउंडर!" असं ओरडतं आणि सीन पडतो. त्याऐवजी दवाखान्याच्या दाराशी स्कूटर थांबल्याचा आवाज येऊ द्या, तुमचा माणूस चटकन उठतो, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि तो म्हणतो, "या डॉक्टर, सात पेशंट थांबलेत". बास. लोक गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकतात, तेव्हा हा एक सीन जरा मोकळा ठेवा, मागे म्युझिक नको, नाहीतर निम्म्यांना ऐकूच येणार नाही. आणि अकरा प्रवासी ऑडिओत फार होतात, आवाजांवरून सहा-सातच्या पुढे माणसं वेगळी ओळखू येत नाहीत, तेवढेच बोलते ठेवा.

पाचव्या पानावरचं ते मनातलं वाक्य मात्र आजच काढून टाका. बॅगेचा ट्रॅक लिहून झाला की सीन ऑर्डर इथे टाका, मी बघते.